स्टॉप आला, उतरा

पुंडलिक कंडक्टर माणसाले भाषणातून उतरवते. तीस वर्षं त्यानं लोकायले बसमधून उतरवलं, मग रिटायर झाला, आता आमच्या मनीषनगरच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये हा धंदा करते. तुम्ही रंगात येऊन बोलून राहिले असता. डोक्यावर टांगलेली घंटी टण्णकन वाजते, अन् पुंडलिक म्हणते, "स्टॉप आला. उतरा."

मग तुमचं वाक्य अर्धं असो का पाऊण असो. उतराच लागते.

दर रविवारी पाच वाजता ही स्पर्धा. नाव त्यानं ठेवलं आहे 'ऐनवेळी भाषण स्पर्धा'. खुर्च्या मांडते, माईक लावते, अन् त्याचा तो जुना तिकिटाचा पत्र्याचा डबा काढते. डब्यात चिठ्ठ्या. चिठ्ठीले तो तिकीट म्हणते. तिकीट काढाचं, जो विषय निघीन त्याच्यावर दोन मिनिटं बोलाचं. झालं का हा चिमट्यानं चिठ्ठीले भोक पाडते. "एका तिकिटावर दोनदा प्रवास नाही." कोणी मागच्या खुर्चीत लपून बसलं का ओरडते, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" पुढे माईक असते.

विषय सगळे त्याच्या डोक्यातले. पाल. शेजाऱ्याची चप्पल. लिफ्टमधला पंखा. एकदा वॉचमनले 'झोप' निघाली. तो असा बोलला, असा बोलला, का झोप कशी येते, कोणत्या खुर्चीत चांगली येते, गेटच्या आवाजानं मोडते कशी, सगळ्यायचे डोळे भरून आले. पहिला नंबर त्याचा. संत्राबर्फीचा डबा भेटला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीनं त्याच्याकडून लेखी खुलासा मागितला.

एकदा एक पुढारी न बोलावता आला. त्याले 'तर्रीपोहे' निघाले. तो उभा राहिला, हात जोडले, "येथे जमलेल्या माझ्या तमाम..."

टण्ण.

"अहो, मी सुरूच कुठं केलं?"

"साहेब, स्टॉप आला."

"पण पोहे तर अजून..."

"पोहे मागं वाटून राहिले. उतरा."

अन् खडसे मास्तर. त्यायले कोणताही विषय द्या, ते पृथ्वी तप्त गोळा होती तिथून सुरू करते. 'पाल' निघाली तरी तप्त गोळाच. पाल भिंतीवरून छतावर पोचते, पण मास्तर काही पालीपर्यंत पोचले नाही.

नियम दोन मिनिटाचा, पण घंटीचा भरवसा नाही. कोणाले अर्ध्या मिनिटात उतरवते, कोणाले चार मिनिटं जाऊ देते. घड्याळ पुंडलिकच्या हातात, अन् घंटीची दोरी वर पहिल्या माळ्यावरच्या त्याच्या खिडकीत गेलेली. कोणी म्हणे त्यानं मशीन बसवली, कोणी म्हणे मोबाईलवर चालते. तक्रार केली का पुंडलिक वर बोट दाखवते. "वर चेकिंग बसली आहे. तिचा निर्णय अंतिम."

मले हा माणूस आवडत नव्हता. सरळ सांगतो. त्याची बायको, सुमनवहिनी, लकवा मारल्यापासून खाटेवर. बोलणं पार गेलं तिचं. अन् हा तिच्याच खिडकीखाली भोंगा लावते. एका रविवारी मी त्याले तोंडावर म्हटलं, "लाज वाटत नाही का बे? वर बायको आजारी, अन् तू खाली मेळा भरवून राहिला?"

तो हसला. "तू ये ना गा भाषणाले. इतका राग आहे तुले, दोन मिनिट सहज निघतीन."

"मले नाही बोलाचं."

"काहून?"

"नाही म्हणजे नाही."

माझी कमल दिवाळीनंतर गेली. तेव्हापासून मी घरात तीनच गोष्टी बोलतो. हो, नाही, अन् मीठ कमी आहे. मी चौथी शिकलेला, उमरेडले हातमागावर बसणारा माणूस. माग बोले, कमल बोले, माझी गरज पडत नसे. पण तिच्या आजारपणात मी कसर ठेवली नाही. घरातला टीव्ही बंद केला. नातवायले दटावलं. भेटाले आलेल्या पाहुण्यायले दारातच पाणी पाजून वाटेले लावलं. आजाऱ्याले शांती पाहिजे. पुंडलिकले एवढी अक्कल नव्हती, अन् वरून त्याची बायको जिती होती. हा राग होता माझा. दोन मिनिटात निघणारा नव्हता.

पण कंडक्टर माणूस, सोडते का? जिन्यात भेटला का म्हणे, "रविवारी तुझी सीट रिकामी ठेवतो." दाराखालून चिठ्ठी सरकवे, 'खिडकीजवळची ठेवली आहे.'

मे महिन्यात एका रविवारी सुनेनं मले दही आणाले पाठवलं. रस्ता पार्किंगमधूनच. मी मान खाली घालून चाललो होतो, तर माईकवरून आवाज आला, "पुढचे प्रवासी, शंकरराव!" अन् पुंडलिकनं आडवं येऊन डबा माझ्या पोटाले टेकवला. मी डावीकडे गेलो, तो डावीकडे. उजवीकडे गेलो, तो उजवीकडे. हातात दह्याचा रिकामा डबा घेऊन किती नाचाचं? म्हटलं तिकीट काढतो, एक शिवी देतो, अन् जातो.

तिकिटावर लिहिलं होतं, कूलर.

"कूलर म्हणजे," मी म्हटलं, "पाणी कोणी टाकाचं याच्यावरून नवरा-बायकोत भांडण लावाची मशीन."

लोक हसले. सत्तर वर्षांत माझ्या बोलण्यावर कोणी हसलं नव्हतं. शिवी राहून गेली. मी सांगत गेलो. आमच्या कूलरचा पंखा पत्र्याले घासे. खटखट खटखट, थेट हातमागासारखा आवाज. मी म्हणो, दुरुस्त करून आणतो. कमल म्हणे, खबरदार, मले त्याच्याबिगर झोप येत नाही. माझी पाणी टाकाची पाळी असली का मी झोपेचं सोंग घेत होतो. एकदा तिनं अर्धी बादली कूलरमध्ये टाकली, अन् अर्धी माझ्यावर. म्हणे, दोघंही थंड राहा.

लोक हसून राहिले. मी वर पाहिलं. घंटी वाजत नव्हती.

"आजारी पडली तेव्हा मी कूलर काढून टाकला," मी म्हटलं. "आवाज नको म्हणून. पोरानं एसी लावला. चिडीचूप. एक दिवस ती म्हणाली, लय सुनं सुनं लागते जी. मी म्हटलं, गप, आराम कर."

इथं माझं तोंड बंद पडलं. मागावर धोट्यातलं सूत तुटल्यावर धोटा कितीही फेका, कापड काही पुढे जात नाही, तसं झालं. मी माईक खाली ठेवाले लागलो. म्हटलं, आता टण्ण होईन, अन् मी उतरीन.

टण्ण टण्ण.

दोन टोले. सगळ्यायनं वर पाहिलं. बसमध्ये एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. स्पर्धा सुरू झाल्यापासून दोन टोले कोणी ऐकले नव्हते. पुंडलिकनं घड्याळ खिशात टाकलं.

"चालू द्या शंकरराव," तो म्हणाला. "डबल झाली."

मग मी किती वेळ बोललो मले माहीत नाही. शेवटचं तेवढं आठवते. म्हटलं, "शांती तिले पाहिजे होती का मले, हे मी तिले विचारलं नाही. बस, एवढंच."

दही राहिलं. दोन टोले कोणाचे ते पाहाले मी सरळ जिना चढलो. पुंडलिकचं दार उघडं होतं. आत जुना कूलर खडखड करून राहिला होता. खिडकीजवळ खाटेवर सुमनवहिनी उशीले टेकून बसली होती, अन् तिच्या उजव्या मुठीत दोरी होती.

"डॉक्टरनं हात हलवाले बॉल देल्ला होता," तिले सांभाळणारी बाई म्हणाली. "काकूनं फेकून देल्ला. दुसरा देल्ला, तोही फेकला. मंग काकानं ही दोरी बांधली. आता हप्ताभर रविवारची वाट पाहते. मास्तर उभे राहिले का लय जोरात ओढते."

मी खिडकीतून खाली पाहिलं. पुंडलिक माईकपाशी उभा, तोंड वर, इकडेच पाहत होता. मी त्याले काय काय म्हटलं होतं ते सगळं आठवलं. बोलाचा सगळा कोटा मी खालीच संपवून आलो होतो. खाली मास्तरायची पाळी लागली होती. विषय 'वांगं'. पृथ्वी नुकतीच तापून राहिली होती.

"येतो वहिनी," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, अन् दोरी ओढली.

टण्ण. एकच.

"मास्तर, स्टॉप आला! उतरा!" पुंडलिक खालून ओरडला.

"अरे, आत्ता तर सुरू केलं गा!" मास्तर ओरडले.

तो टोला मास्तरायचा नव्हता. मी स्टूल ओढलं अन् खाटेजवळ बसलो.