बावीस कलमं आणि एक नारळ

रामप्रसाद अण्णांनी कळमनुरीच्या तहसिलीत तीस वर्षं कारकुनी केली आणि एकही कागद एका फेरीत पुढं सरकू दिला नाही. अशा माणसाच्या पोरीचं लग्न तोंडी शब्दावर ठरणार? छे! मोहिनीच्या लग्नासाठी त्यांनी मसाजीचं मंगल कार्यालय धरलं ते स्टँपपेपरवर बावीस कलमांचा करार करून. चपलांवर लक्ष कोण ठेवणार, यालासुद्धा सतरावं कलम होतं!

मसाजी मूळचा मेंढरांचा माणूस. हॉल धरायला आलेल्याला तो एक नारळ द्यायचा, हळदीची पाच बोटं उठवलेला. घेणाऱ्यानं तो देवघरात जपायचा आणि लग्नादिवशी हॉलच्या उंबऱ्यावर फोडायचा. हाच करार आणि हीच पावती.

“अण्णा, नारळ जपा बरं.”

“मसाजी, नारळाला कोर्टात कोणी विचारत नाही!”

दुसऱ्या दिवशी त्या नारळाची चटणी झाली. अण्णांनी इडलीवर दोनदा मागून घेतली.

हे झालं दसऱ्याला. वैशाखात लग्नाला आठ दिवस उरले, पत्रिका वाटून झाल्या, आणि बातमी आली. मसाजीनं हॉल विकला! मेंढरं निदान पंगतीत जिलबीवरून भांडत नाहीत, असं म्हणाला म्हणे.

“आता वो?” बायकोनं, अनुसूयाबाईंनी कपाळाला हात लावला.

“आता काय? करार आहे!”

नवा मालक प्रभू. कालपर्यंत मंडपवाला, आज हॉलसमोर खुर्ची टाकून बसलेला. लोक रांगेनं आपापला नारळ दाखवत होते आणि तो वहीत तारखा उतरवत होता. अण्णांनी रांग मोडून करार पुढं केला. प्रभूनं ओळीखाली बोट धरून वाचला.

“अण्णा, हितं लिवलंय, ‘ठरल्या तारखेस जागा देण्याची जबाबदारी फक्त मसाजी यांचीच राहील, ती अन्य कोणाकडेही सोपवता येणार नाही.’ व्हय ना?”

“कलम नववं! त्यानं अंग काढून घेऊ नये म्हणून मीच घातलंय.”

“मंग मी तर अन्य झालो!”

रांगेतली रुक्माबाई तोंडाला पदर लावून हसली.

“मसाजीनं मला एकच सांगितलं,” प्रभू म्हणाला, “ज्याच्या हाती नारळ, त्याची तारीख. तुमचा कुठंय?”

“घरी आहे,” अण्णा म्हणाले. ‘फाईल साहेबांच्या टेबलावर आहे’ हे वाक्य तीस वर्षं ज्या सुरात म्हटलं, अगदी त्याच सुरात.

तासाभरात अण्णा हजर! नारळ बाजारातला, हळद घरची, बोटं अनुसूयाबाईंची. प्रभूनं बोटांकडं बघितलंसुद्धा नाही. नारळ कानाशी नेला आणि हलवला. इसापूर धरणाचं दार उघडावं तसं आत पाणी खळाळलं!

“दसऱ्याचा नारळ आतून आटतो, अण्णा. नुसता गोटा वाजतो. ह्याच्यात तर म्हैस धुवून व्हईल!”

रुक्माबाईनं आपला नारळ वाजवून दाखवला. खडखड! मग मागच्यानं वाजवला, त्याच्या मागच्यानं वाजवला. अण्णांच्या कायदेपांडित्यावर पंधरा नारळांचा ताशा झडला.

“मंग ती तारीख रिकामीच हाय का?” नुसती चौकशी करायला आलेल्या नानानं विचारलं. प्रभूनं लगेच त्याच्या हातावर नारळ ठेवला.

अण्णांनी तडक मसाजीचं गाव, कुरुंदा गाठलं. मसाजी शांतपणे मेंढी कातरत होता.

“मसाजी, पत्रिका वाटून झाल्या रे! कुठं तोंड दाखवू?”

“काहून घाबरून राहिले? नववं कलम हाय ना! जबाबदारी माझीच.”

“पण हॉल?”

“हॉल गेला. जागा हाय.” आणि त्यानं मेंढवाड्याकडं कातर दाखवली.

लग्न तिथंच झालं. मसाजी शब्दाचा पक्का. त्यानं मेंढरं कुंपणापलीकडं हलवली, जागा सारवून घेतली, मंडपही घातला. वासाबद्दल मात्र अण्णांनी कलम घातलं नव्हतं, त्यामुळं अर्धं वऱ्हाड एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं अक्षता टाकत होतं. भटजी ‘सावधान’ म्हणाले की पलीकडून दोनशे मेंढरं ‘बें’ म्हणायची, आणि तीही तालात! सतराव्या कलमाप्रमाणं चपलांवर मसाजीचा कुत्रा बसवला होता. एकही चप्पल चोरीला गेली नाही. तो चपलांच्या मालकांनाही जवळ येऊ देत नव्हता, हा भाग वेगळा. व्याही अनवाणीच गाडीत बसले. “जागा हवेशीर आहे,” एवढंच म्हणाले.

आता अण्णांच्या कपाटात, करारांच्या फायलींवर, प्रभूच्या हॉलचा एक नारळ विराजमान आहे. धाकट्या पोरीसाठी, दीपमालासाठी. हॉल ठरला, तारीख ठरली. नवरदेव तेवढा ठरायचाय, आणि दीपमाला म्हणते, एम.एस्सी. झाल्याशिवाय विषय काढायचा नाही. अण्णा रोज सकाळी नारळ कानाशी नेतात, हलवतात, पुन्हा जपून ठेवतात.

“अजून पाणी आहे,” ते अनुसूयाबाईंना सांगतात. “घाई नाही.”

आणि इडलीवर शेंगदाण्याची चटणी वाढून घेतात. एकदाच.