मीटरला हार

कोंडिबाची अकरा वर्षांची नोकरी शनिवारी गेली. पण तूर्तास ती गेलेलीच नाही असं समजून चालू. त्या मिलमध्ये कोरडी टाकीसुद्धा भरलेली समजली जाते. एक नोकरी काय घेऊन बसलात.

मिल कळंबोलीत, लोखंडी सळ्या ओढणारी. यंत्रं गार ठेवायच्या पाण्याची एक मोठी टाकी होती. कोंडिबा तिच्यात खुणा केलेला बांबू बुडवून पाणी किती ते सांगायचा. सत्त्याण्णव साली दसऱ्याच्या तोंडावर त्या बांबूच्या जागी मीटर आला. मीटर महिनाभर अचूक चालला तर कोंडिबा घरी, नाहीतर मीटर परत, असं मॅनेजर दिनानाथसाहेबांनी प्रेमानं सांगितलं.

मीटर बसवणारा विश्वजित पुण्याचा. त्यानं टाकीच्या छताला वरून डबा बसवला, तोंड आत पाण्याकडे. टाकीची उंची डब्याला शिकवली.

"हा वरून आवाज सोडतो काका. पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पातळी कळते."

"म्हंजे हिरीत हाळी दिल्यागत." कोंडिबानं कान लावला. "पर काय ऐकू येईना."

"माणसाला ऐकू येतच नाही तो."

"मग साहेबापरीस बरा हाय."

मीटर आणि बांबू तंतोतंत जुळले. विश्वजित पुण्याला गेला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सगळ्या यंत्रांना झेंडूचे हार पडले.

"साहेब, हार वरच्या डब्याला घालू?" कोंडिबानं विचारलं.

"मीटरचं तोंड कुठाय?"

"आत."

"मग हार आत. देवाच्या पाठीला हार घालतात काय रे?"

साहेबांनी झाकण उघडून स्वहस्ते हार घातला. डब्याच्या तोंडाखाली चांगला दोन फूट लोंबला. कुणी हात लावू नये म्हणून साहेबांनी झाकणाला सील ठोकलं. मीटरनं अठ्ठ्याऐंशी टक्के दाखवलं आणि पुढचे आठ दिवस तेच दाखवलं.

कोंडिबा बाजूच्या भोकातून बांबू घालून पातळी वहीत लिहायचा. सत्तर. पन्नास. तीस.

"साहेब, आवाज फुलांवरनंच माघारी येतोय. टाकी खाली चाललीय."

"तुझा बांबू रोज वेगळं सांगतो. मीटर एका शब्दावर ठाम आहे. ह्याला म्हणतात अचूक!"

पाणी भरायचा व्हॉल्व्ह मीटरच्या हुकमावर. तो उघडलाच नाही. नवव्या दिवशी पंप कोरडा फिरून जळाला. चौकशी बसली.

"टाकी भरलेली असताना तू रिकामी लिहिलंस, ही खोटी नोंद," दिनानाथसाहेब म्हणाले. "आणि रिकामी होती, तर भरली का नाहीस? हा कामचुकारपणा. तुला कुठलं पाहिजे?"

"ज्यात नोकरी ऱ्हाती ते."

तसं त्यात काही नव्हतं.

सोमवारी कोंडिबानं गेटवर अर्ज दिला. तो अजून 'आवक' लिहिलेल्या ट्रेमध्ये आहे:

"टाकीतील मीटरच्या तोंडाखाली, आपल्या शुभहस्ते घातलेला हार आता वाळला आहे. तरी आपली कोणतीही चूक झालेली नाही असे समजून, सदर हार काढण्याची लेखी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."