पापडाच्या पिठाची अट

आमच्या गल्लीत उडदाच्या पापडाचं पीठ कुटून हवं असेल, तर आधी गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून यावं लागतं. हा नियम कुठल्या डॉक्टरांचा नाही, शेजारच्या इंदूअक्कांचा आहे.

अमळनेरला ऊन तापलं की आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी असे पापड सुरू होतात. अक्कांनी कुटलेल्या पिठाच्या पापडाची कड फाटत नाही, आणि त्यांना हे पक्कं ठाऊक आहे. मुसळ उचलण्याआधी त्या घरच्या बाईला विचारतात, "तपासनी करी उनी का?" समोर सासरा असो की जावई, आवाज तोच. जावई बिचारा मोबाईलमध्ये तोंड खुपसतो. "नाही" असं उत्तर आलं, की मुसळ कोपऱ्यात आणि दुसऱ्या दिवशी ती बाई अक्कांबरोबर धुळ्याच्या एसटीत. अक्कांची थोरली बहीण लाजेपायी गप्प राहिली आणि गर्भपिशवीच्या कॅन्सरने गेली. त्याबद्दल त्या एवढंच सांगतात.

गेल्या वर्षी माझा नंबर लागला. रिपोर्टात पेशी बदललेल्या निघाल्या आणि मी कॅन्सरच झाला असं धरून बसले. अक्कांनी दवाखान्याच्या बाकावर डबा उघडला.

"पेशी बदलन्यात, कॅन्सर व्हयना नही. खाय ले."

डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. कॅन्सरच्या कितीतरी आधीची पायरी होती, छोट्या उपचारावर भागलं. मी आतून बाहेर आले तेव्हा अक्का बाकावर तशाच बसून होत्या. त्यांना बघून मला रडू फुटलं.

यंदा त्यांच्याच घरी पापड होते, गल्लीतल्या आम्ही सगळ्या जमलो होतो. मी सहज चिडवलं, "अक्का, तुमची तपासणी कधी झाली?"

मुसळ थांबलं. "मनी? ऱ्हायनी."

यजमान वारलेले, मुलगा पुण्याला. अक्का पिठाकडे बघत हळूच म्हणाल्या, "आत जावाले भेव नही वाटत. पन बाहेर निघनू आन बाकवर कोनीच नही, तं?"

समोरच्या शांताबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "तपासनी नही, तं पापड नही," त्या म्हणाल्या. पीठ ओल्या फडक्याखाली झाकून आम्ही तश्शा एसटी स्टँडवर गेलो.

दवाखान्यात नर्सने दार उघडून विचारलं, "इंदूबाईंसोबत कोण आहे?" सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या.

अक्का बाहेर आल्या, आमच्याकडे बघत राहिल्या. "बठ्ठ्याच उन्यात? तठे पीठ वाळी जाई ना," असं रागावत त्यांनी पदराने डोळे पुसले आणि दाटीवाटीने माझ्या शेजारी बसल्या.

आठवड्याने रिपोर्ट चांगला आला. पीठ मात्र त्या दिवशी परतेपर्यंत खरंच वाळलं होतं. यंदा अक्कांच्या घरच्या प्रत्येक पापडाची कड फाटलेली आहे, आणि आल्यागेल्याला त्या तोच पापड मोठ्या कौतुकाने तळून देतात.