साखरपुड्याला डी मायनर

"सनई काय, कुणीही लावतं!" ढुंढिराजपंतांनी बायकोला ठणकावलं. "आपल्या सईचा साखरपुडा बनारसच्या मराठी मंडळींनी दहा वर्षं आठवला पाहिजे!"

आठवणार, यात काही वाद नाही!

बँकेतून निवृत्त झाल्यापासून पंतांना दर आठवड्याला नवी कल्पना सुचे आणि पद्माबाईंची अर्धशिशी उठे. या खेपेस त्यांनी विद्यापीठात हिंदी शिकायला आलेले चार जर्मन गाठले होते. दोन व्हायोलिनं, एक त्याहून जाडं, आणि एक सेलो, म्हणजे माणसाएवढं व्हायोलिन! वाजवणार होते डी मायनर नावाच्या विलायती सुरावटीतलं काहीतरी.

इंदूरचे व्याही रात्रीच्या गाडीने परतणार होते आणि नवरामुलगा केयूर आठवड्याभरात कॅनडाला. साखरपुडा आज झाला तर झाला!

बालाजी घाटाच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. सेलोला माकडांनी हात लावू नये म्हणून पंतांनी तो पांढऱ्या चादरीत गुंडाळला, सुतळीने आवळला आणि दोन नाववाल्यांच्या खांद्यावर देऊन घरी आणला. स्वतः पुढे, घामाने चुरचुरणारे डोळे पुसत. लोक हात जोडत होते. 'काय मान आहे आपल्याला!' म्हणून पंतही उलट हात जोडत होते.

घरी चौघांनी डोळे मिटून असं काही लावलं की गल्लीतला सांडही थबकला.

"अगबाई, गेलं वाटतं कुणीतरी!" समोरच्या शरदिनीकाकू कळवळल्या. "आज बिचाऱ्यांची चूल पेटायची नाही!" तासाभरात त्या पिठलं-भाताचं पातेलं घेऊन निघाल्या. मागे आणखी चार घरची पातेली.

नेमके तेव्हाच व्याही सुमंतराव आपल्या मंडळींसह गल्लीत शिरले.

"काकू, काय झालं हो?" सुमंतरावांनी विचारलं.

"माणूस गेलं पंतांकडचं! मघाशीच खांद्यावरून आणलं. चांगलं उंचपुरं होतं हो!"

सुमंतरावांनी ते सूर ऐकले, पिठल्याकडे पाहिलं आणि सगळी वरात घाटाकडे वळवली. शास्त्र म्हणजे शास्त्र! जरीकाठ, फेटे, सगळ्यासकट गंगेत बुडी!

मग मंडळी पंतांच्या दारात निथळत उभी राहिली. "पंत, धीर धरा. सुतक फिटल्यावर साखरपुड्याचं पाहू."

"सुतक? कुणाचं?"

"ते तुम्हीच सांगायचं!"

सईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जमलेलं लग्न डोळ्यांदेखत तेरा दिवस लांब गेलं होतं, आणि नवरा तर कॅनडाएवढा!

"रड बाई, मोकळी हो," काकूंनी तिला जवळ घेतलं.

त्यावर मात्र सई उसळली. तरातरा आत गेली, चादर ओढून आणली आणि जर्मनासकट सेलो दारात आणून उभा केला. "हे घ्या तुमचं उंचपुरं माणूस! याला उचलून आणलं बाबांनी!"

मग केयूर असा हसत सुटला की त्याचा ओला फेटाच सुटला.

"म्हणजे कुणी गेलेलं नाही?" सुमंतराव.

"देवाशप्पथ नाही!" पंत.

"मग हे लोक इतके का कण्हतायत?"

पंतांची होती नव्हती तेवढी धोतरं व्याह्यांकडच्यांनी नेसली, साखरपुडा झाला, आणि पिठलं-भातावर पंगत बसली. पंतांच्या जिवात जीव आला. त्यांनी सेलोवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "भाई, अब कुछ खुशीवाला बजाओ!"

तो बिचारा गोरामोरा झाला.

"बाबूजी, अब तक खुशीवाला ही था. दुखवाला तो अब शुरू होगा!"