नावाड्याचे आवतण, अर्थात इब्राहिमियाच्या पाचव्या मजल्याची मोहीम

सावधान होऊन ऐकावे. पूर्वी मोठमोठे सरदार जाहले, त्यांणी गड घेतले, मुलूख मारिले, आणि मग भाटांनी त्यांची कवने केली आणि भाटांस सोन्याची कडी मिळाली. आम्हांस कोणी कडे देणार नाही. तथापि अलेक्झांड्रिया शहरी उदरमंडित, आरामप्रिय, उस्ताद बहगत दमनहूरी, ट्रामखात्याचे माजी तपासनीस, यांणी उतारवयी पायी चालून जो पराक्रम केला तो लिहून न ठेवावा, तर पुढील पिढ्या म्हणतील की इतका गाढवपणा एका माणसाच्या हातून होणे नाही. म्हणोन जैसे घडले तैसे लिहितो. तिखटमीठ आम्ही लाविले नाही, ते खासा स्वारीनेच भरपूर लावून खाल्ले आहे.

उस्तादांनी अवघी हयात ट्रामीत काढिली. ट्राम चालत असे, उस्ताद दांडी धरून उभे असत, आणि त्यासच ते आपले चालणे समजत. मग निवृत्ती जाहली आणि उभे राहणेही सरले, आणि कॅम्प शेझार नामे पेठेतल्या कहवाखान्यातील वेताची खुर्ची हेच तख्त जाहले, आणि तेथे सकाळी बाकल्याची उसळ, दुपारी तळली मासळी, सायंकाळी तुपात भिजलेली बसबुसा नामे रव्याची मिठाई, ऐसा कारभार चालिला. पोट ऐसे वाढले की गल्लीच्या वळणावर आधी पोट येई आणि लोक त्यासच सलाम करून मोकळे होत, आणि मागाहून उस्ताद येत त्यांस कोणी विचारीत नसे.

ऐशा समयी कन्या मुशीरा हिजला मुलगी जाहली. नाव जुमाना ठेविले. सातव्या दिवशी बारशाचा समारंभ मुशीरेच्या सासरी, इब्राहिमिया पेठेत, पाचव्या मजल्यावर नेमिला. त्या इमारतीत लिफ्ट नामे एक पिंजरा होता, तो कैक वर्षांमागे दुसऱ्या मजल्याशी अडकला तो अडकलाच, आणि आता त्यात मांजरे संसार करीत होती. उस्ताद नवा कोट घालून जिना चढो लागले आणि पहिला मजला सर केला, आणि मग त्या पिंजऱ्यापाशी येऊन जे बसले ते उठेनात. तोंड निळे, श्वास भात्यासारखा. शेवटी दरवान आणि कोपऱ्यावरचा खाटीक यांणी खुर्चीत घालून खासा स्वारी खाली आणिली. खाटकाने वजनाचा अंदाजही मोठ्याने बोलून दाखविला, कोणी पुसिले नसता. ऐसी शिकस्त खाऊन उस्ताद रस्त्यात उभे, तो वरून सज्जात मुशीरेची सासू मादाम दौलत ओणवी जाहली आणि साऱ्या गल्लीस ऐकू जाईल ऐसे ओरडली.

"अहो व्याही! तफद्दल! खाली काय उभे राहिलात? वर या ना, बदक केलंय!"

येथे वाचकांनी ध्यानी धरावे. 'तफद्दल' म्हणजे 'यावे, घ्यावे, आपलेच आहे.' हा शब्द त्या शहरी श्वासासारखा ये-जा करितो. न्हावी अर्धी दाढी सोडून म्हणतो, भाजीवाला तोंडात घास असता म्हणतो, आणि ऐकणाऱ्याने छातीस हात लावून 'अल्ला बरकत देवो' म्हणत पुढे जावे हा रिवाज. नावाडी भर पात्रात जेवावयास बसतो आणि काठावरच्या माणसास हाक मारितो की ये जेवायला. माणूस काही पोहत येत नाही, आणि नावाड्याची भाकर शाबूत राहून औदार्यही पदरी पडते. म्हणोन ऐशा बोलावण्यास तेथे नावाड्याचे आवतण म्हणतात. मादाम दौलतीचे बदक त्या जातीचे होते. तिने टोपलीस दोर बांधून बारशाच्या खाऊची पिशवी खाली सोडिली, आणि मुशीरेने सज्जातून एक पांढरे गाठोडे उंच धरिले. उस्तादांस फ्लॉवरच्या गड्ड्याएवढे काही दिसले. ती नात.

उस्तादांची बीबी इन्साफ, अंगाने काडी, जिभेने कातरी. ती रोज तो जिना चढे आणि नातीस खेळवून परते, आणि तिच्या शालीस पावडरीचा वास येई. उस्ताद वर्तमानपत्राआडून पुसत.

"कशी आहे?"

"छोटी आहे."

"ते कळलं गं. कशी आहे?"

"नाक तुमचं आलंय बिचारीचं. अहो, मुशीरा म्हणते, एक दिवस गुंडाळून खाली आणते तिला."

तेव्हा उस्तादांस शहाणपण सुचावे, परंतु सुचला तो तोरा. "नात काय पावशेर चीज आहे, दोराने खाली सोडायला? मी वर जाईन. माझ्या पायांनी!" ही बढाई गल्लीत फुटली आणि मादाम दौलतीने तत्काळ उचलून धरिली, आणि फर्मान काढिले की व्याह्यांची इच्छा ऐसी आहे, सबब मुलीस खाली नेऊ नये, शिवाय चाळीस दिवस बाहेर काढणे नाही, शिवाय पुढे समुद्राचे वारे सुटतील, शिवाय नजर लागेल. आणि त्यातच जावयास कुवेतेत चाकरी लागली आणि हिवाळा सरता बायकोमुलीसह जाण्याचे ठरले. मग उस्तादांच्या पोटात गोळा आला. तेवढ्या पोटात गोळा येण्यास जागा होती, हेही नवल.

हकिमाने तपासून निकाल दिला की गुडघे पोटाचा भार वाहून जेर जाहले आहेत, पोट उतरेल तर जिना चढेल, दुसरी तजवीज नाही. सबब रोज समुद्रकाठी चालावे. मग मोहिमेचा सरंजाम जाहला. आकाशी रंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा ट्रॅकसूट खरेदी केला, तो लांबीस दोन माणसांचा आणि रुंदीस नेमका. पांढरे बूट घेतले, त्यांचे बंद इन्साफने बांधिले, कारण उस्तादांची आणि बुटांची नजरानजर होत नसे. आणि एके सकाळी खासा स्वारी किनाऱ्याच्या रस्त्यावर कूच करिती जाहली.

परंतु हाय रे दैवा! गनीम वाटेतच दबा धरून होता. रताळी भाजणारा गाडीवरून बोलिला, "तफद्दल, उस्ताद!" शहरात रताळी कोण भाजीत नाही आणि तफद्दल कोण म्हणत नाही? परंतु उस्ताद थांबले. जन्म ट्रामीत गेलेला; चालत्या ट्रामीस कोण आवतण देतो? हा रिवाज त्यांस ठाऊक होता तो ऐकीव, आणि आता भूक लागली होती ती खरी. ते म्हणाले, "आग्रह करतोयस तर नाही कशाला म्हणू?" आणि दोन रताळी खाल्ली. पुढे कलेजीवाल्याने तफद्दल म्हटले, तेथे बैठक मारिली. पुढे बांधावर एक कोळी भाकर आणि खारी मासळी उघडून बसला होता, त्याने गळावरून नजर न काढता तफद्दल म्हटले, आणि वळून पाहतो तो भाकर नाही. ऐसी स्वारी रोज निघे, आणि रोज मुलूख लुटून घरी येई, आणि इन्साफेस सांगे की आज फार चाललो, अंग मोडून आले.

पंधरवड्यानंतर औषधवालीच्या काट्यावर चढले. काटा पुढे गेला होता. औषधवाली चष्मा कपाळावर सारून म्हणाली, "उस्ताद, तुम्ही चालता की चरता?"

हे ऐकून दुसरा कोणी शरमेने पाणीपाणी जाहला असता. उस्ताद म्हणाले की काटा बिघडला आहे.

मग काय घडले ते ऐकावे, कारण यात शहाणपणाचा अंश नाही आणि तरीही विजय यातूनच आला. किनाऱ्यावर हाकाटी जाहली की आकाशी कपड्यांचा एक गृहस्थ येतो आणि बोलाविले तर खरेच बसतो. रताळेवाला दुरून आकाशी रंग पाहताच गाडी वळवू लागला. कलेजीवाला परातीवर फडके टाकून गल्ल्याखाली काहीतरी शोधू लागला. कोळी तोंडातला घास चावणे थांबवून समुद्राकडे पाहत राही, गाल फुगलेले. न्हाव्याने तर सवयीने 'तफ' म्हटले आणि पुढचे 'द्दल' गिळिले. ज्या शहरी शत्रूसही चहा पुसावा, तेथे एका इसमाच्या भयाने जिभा आवरल्या, ऐसा दरारा कोणा बादशहाचा जाहला नसेल. उस्ताद घरी येऊन म्हणाले, "लोक आता मान द्यायला लागलेत. मी दिसलो की गप्पच होतात."

"होतात बाई," इन्साफ म्हणाली.

परंतु रसद तुटली. मग उस्तादांनी मसलत केली की जेथे आपणांस ओळखीत नाहीत तेथवर मजल मारावी. म्हणोन कूच सिदी गाबरपर्यंत वाढले. तेथे चार दिवस मका आणि लिंबू घातलेले तुर्मुस नामे उकडले दाणे मिळाले आणि मग तेथेही फडकी पडली. तेथून स्टॅनलीचा पूल, तेथून ग्लीम, आणि तेथून पुढे. एका शेंगदाण्याच्या पुडीसाठी तो मनुष्य समुद्राकाठी मैलोगणती वाट तुडवीत जाई, आणि पुडी खाऊन तितकाच मागे येई, आणि मार्गात बोलावणारा कोणी नाही. पाऊस आला, वादळे आली, लाटा बांध ओलांडून रस्त्यावर आल्या, खारे पाणी बुटांत शिरले, परंतु खादाडाची जिद्द मोडेना. पुढे पुढे तर मुंतझाच्या बागेपर्यंत मुलूख दरोबस्त हस्तगत जाहला, म्हणजे तेवढ्या टापूत त्यांस कोणी पाणीही पुसेना. आणि ट्रॅकसूटची नाडी प्रथम एक गाठ, मग दोन गाठी, मग इन्साफने कमरेस चुण्या घातल्या. एके दिवशी उस्तादांनी खाली वाकून स्वतःच्या हाते बुटांचे बंद बांधिले आणि वर पाहिले तो इन्साफ दारात उभी होती. त्या बाईने न बोलणे हीच मोठी बक्षिसी जाणावी.

इतक्यात कुवेतेचा दिवस उद्यावर आला. सायंकाळी उस्ताद इमारतीखाली उभे राहिले, मागे इन्साफ कोट घेऊन. सज्जात मादाम दौलत दोरीवरचे वाळले कपडे काढीत होती, तिने रिवाजाप्रमाणे हाळी दिली.

"तफद्दल, व्याही! आज तर कबुतरं भरलीत!"

"आलो," उस्ताद म्हणाले, आणि आत शिरले.

मादाम हसली आणि एक चादर घडी केली, आणि मग तिच्या ध्यानी आले की रस्त्यावर कोणी नाही. जिन्यातून फुसफुस ऐकू येत होती, ती वाढत होती. तेव्हा तिची कोण दाणादाण उडाली म्हणून सांगावे! घरात कबुतर कैचे, पीसही नव्हते. कालचे मसूरीचे सार होते, तेही तळाशी. आणि जिन्यात युद्धप्रसंग चालिला. दुसऱ्या मजल्याशी पिंजऱ्यातून मांजरांनी डोळे वटारिले, तेथे उस्ताद कठड्यास धरून उभे राहिले.

"बसता का जरा?" इन्साफने विचारिले.

"बसलो तर उठणार नाही."

"मग चला. मी काही तुम्हाला उचलायची नाही, सांगून ठेवते."

तिसरा मजला पडला. चौथ्यावर मात्र दगा होता. तेथे एक दार उघडे, आणि आत मासळी तळत होती, जिऱ्यालसणाचा वास असा की मेलेला उठावा, आणि यजमान परका, आकाशी कपड्यांची कीर्ती त्याच्या कानी नाही, आणि तो ताट घेऊन दारातच म्हणाला, "तफद्दल, काका, गरम आहे!" उस्ताद थांबले. कित्येक आठवड्यांत कोणी ऐसे मनापासून बोलाविले नव्हते. त्यांचा एक पाय त्या दाराकडे वळला, हे आम्ही लपवीत नाही. तो वरून मूल रडले. बारीक, चिडके, अगदी जवळ. जे रडणे उस्तादांनी आजवर फक्त रस्त्यातून, मोटारींच्या भोंग्यांतून वेचून ऐकिले होते. मग त्यांणी मासळीस उत्तरही दिले नाही आणि उरलेल्या पायऱ्या तोंडाने अल्लाचे नाव घेत आणि मनाने शिव्या देत चढिल्या.

पाचव्या मजल्यावर दार उघडले. मादाम दौलत म्हणाली, "अगंबाई! तुम्ही खरंच आलात?"

"तुम्ही बोलावलंत ना?"

मुशीरा आतून धावत आली, बापास पाहिले, आणि पोर त्याच्या हाती दिली. उस्तादांनी ती धरिली ती ट्रामीची दांडी धरावी तैसी, घट्ट. जुमानेने रडे थांबविले आणि त्या घामेजल्या तोंडाकडे पाहिले. नाक खरेच त्यांचे होते. इतके दिवस जो माणूस गल्लीत गर्जत होता त्याच्या तोंडावर घाम कोणता आणि आसवे कोणती हे निवडणे कठीण जाहले. आम्ही त्यांची हयातभर टर उडविली. परंतु त्या क्षणी उडविता आली नाही, आणि याचा आम्हांस राग आहे.

तो मादाम सावरली आणि मेलेल्या आवाजात म्हणाली, "जेवूनच जा हं आता." इन्साफने डोळे मिटले.

"नको," उस्ताद म्हणाले. "हात रिकामे नाहीत."

येणेप्रमाणे गड फत्ते जाहला. निघतेसमयी मुशीरा उंबऱ्याशी बापाच्या गळा पडली आणि म्हणाली, "बाबा, कुवेतला या ना आमच्याकडे." जाणारी माणसे ऐसे म्हणतातच. मध्ये वाळवंट आहे, समुद्र आहे, परवाने आहेत, निवृत्तीवेतन किती हे सर्वांस ठाऊक आहे, आणि ऐकणाऱ्याने छातीस हात लावून 'अल्ला तुमचं भलं करो' म्हणावे इतकेच काम. मुशीरेने तोंड फिरविले, कारण आपले बोलणे पोकळ आहे हे तिचे तिलाच कळले होते आणि त्याचेच तिला रडू येत होते.

"येतो," उस्ताद म्हणाले.

जिना उतरताना इन्साफ म्हणाली, "अहो, तिनं आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं."

"म्हटलं ना? झालं तर."

दुसरे दिवशी पहाटे मंडळी कुवेतेस गेली आणि उस्ताद आकाशी पोशाखात नित्याप्रमाणे बाहेर पडले, आणि रताळेवाल्याने गाडी वळविली, परंतु त्यांणी त्याजकडे पाहिले नाही, आणि ते चालत पासपोर्टाच्या कचेरीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. ही हकीगत खरी जाणावी आणि शिक्का मानावा. बोलाविले असता या गृहस्थाने, ती एक सायंकाळ वगळता, आजवर कोणास नाही म्हटलेले नाही, अवघा किनारा साक्षीस आहे. कुवेतकरांनी दार उघडे ठेवावे.