बसवलं, पण सापडेना

"नीलेश, लिही: 'उत्तमराव मोखाड्याच्या स्टँडवर उतरले, की गुन्हेगार आपणहून परतीच्या जीपमध्ये बसतो.'"

लिहिलं. उत्तमराव खाजगी गुप्तहेर, मी त्यांचा सहायक. लिहिणं माझं काम, खरं करून दाखवणं त्यांचं. आजवर त्यांच्या नावावर एकच यश जमा आहे: हरवलेली शेळी. तीही आमच्या आधी घरी पोहोचली होती.

या वेळची अशील जव्हारची सोनल. तिच्या संस्थेच्या वसतिगृहांचं सगळं काम इंटरनेटवरच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे क्लाउड सर्व्हरवर चालतं. कमांड टाइप करून ते सर्व्हर चालू-बंद करायचं साधन कसं बसवायचं, कसं वापरायचं, याची मराठी पुस्तिका तिने लिहिली. मोखाडा ऑफिसातल्या शीलाने ती वाचून आज स्वतः सर्व्हर चालू करायचा होता. नाही जमलं, तर काम ठाण्याच्या मुख्य कार्यालयाकडे जाणार आणि सोनलची नोकरीही.

जव्हारला सगळं नीट चाललं होतं. मोखाड्यात साधन बसलं, पण कमांड दिली की उत्तर एकच: अशी कमांड सापडत नाही. म्हणून सोनल आम्हा दोघांना घेऊन तिथे आली.

"बसवलं आणि सापडत नाही. म्हणजे चोरी," म्हणत उत्तमरावांनी टेबलाखाली पाहिलं.

"काका, ते कॉम्प्युटरच्या आत असतं," शीला म्हणाली.

"मग चोर आतलाच आहे."

संशय आधी कीबोर्डवर गेला, मग शीलाच्या बोटांवर, शेवटी माझ्यावर. कारण मी गप्प होतो.

शेवटची जीप सुटायला आली. शीलाने वैतागून कमांडची काळी खिडकी बंद केली.

"थांब, त्या उत्तराचा फोटो तरी ठाण्याला पाठवते," सोनल पडलेल्या आवाजात म्हणाली.

शीलाने खिडकी पुन्हा उघडली, कमांड दिली. सर्व्हर चालू झाला.

सोनलने कपाळावर हात मारला. आधीपासून उघड्या खिडकीला नवं साधन दिसतच नाही. ती बंद करून उघडावी लागते.

"मग जव्हारला कसं चाललं?" मी विचारलं.

"दर वेळी साधन बसलं की लाईट जायची. आली की कॉम्प्युटर नव्याने सुरू."

"आमच्याकडे इन्व्हर्टर आहे," शीला ओशाळून म्हणाली.

"लिही, नीलेश. गुन्हेगार: न गेलेली लाईट."

सोनलने ती पायरी पुस्तिकेत घातली, मग ठाण्याला फोन लावला. "हो सर, शीलाने पुस्तिका वाचूनच केलं."

"आण ती पुस्तिका इकडे," घरी निघालेली शीला दारातून परत फिरत म्हणाली, "आता वाचूनही टाकते."