पालक, प्रवर्ग तिसरा

शेजारच्या काउंटीतल्या एका शाळेत गोळीबार झाला. विधिमंडळाने दोन मिनिटं शांतता पाळली. बंदुकांच्या बाबतीत ती अजून चालू आहे. मात्र काहीतरी करणं भाग होतं, म्हणून समिती नेमली. गोळ्या झाडणारा इथेच जन्मलेला, बंदूक रीतसर दुकानातून घेतलेली. यावरून समितीने निष्कर्ष काढला की मुलांना शाळेतून न्यायला येणाऱ्या परदेशी पालकांची कागदपत्रं तपासायला हवीत, आणि तसा कायदा मांडला.

जनसुनावणीत नागपूरच्या केदारने कायद्याला जाहीर पाठिंबा दिला. आपण रीतसर रांगेतून आलोय, आपल्याला कसली भीती, असं त्याने बायकोला समजावलं.

"रांगेतून आलोय कुठे? रांगेतच आहोत," यामिनी म्हणाली.

मंगळवारी शाळेच्या नर्सचा फोन आला. अनिकाला एकशे दोन ताप आहे, लगेच घेऊन जा. केदार मीटिंग सोडून धावला. काउंटरवरच्या बाईंनी त्याचा प्रवर्ग विचारला. स्क्रीनवर तीनच होते: नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि परवानाधारक शिकारी. केदारची व्हिसाची मुदतवाढ पेंडिंग होती, आणि पेंडिंग माणूस कुठल्याच चौकटीत बसेना.

"पण मी तिचा बाप आहे."

"तो प्रवर्ग नाहीये, सर," बाई मनापासून हळहळल्या.

तेवढ्यात कमरेला पिस्तूल लावलेले एक गृहस्थ शिकारीचं लायसन्स दाखवून आत गेले. बाईंनी त्यांची विचारपूसही केली. मग केदारला म्हणाल्या, तुम्हीही काढा ना, फोनवर होतं.

केदार पार्किंगमध्ये गाडीत बसला. त्याच्या घरात कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नव्हतं. फॉर्मवर प्राणी निवडायचा होता. चित्रातल्या हरणाचे डोळे बघून त्याला कसंतरी झालं, म्हणून रानटर्कीवर टिक केली. ग्रीन कार्डसाठी त्याचं अकरावं वर्ष चालू होतं. शिकारी तो नऊ मिनिटांत झाला.

बाईंनी अभिनंदन केलं. अनिका जॅकेटमध्ये तोंड खुपसून बसली होती. "बाबा, व्हॉट टुक यू सो लाँग?"

संध्याकाळी त्याने हा सगळा प्रकार मराठी मंडळाच्या ग्रुपवर संतापून लिहिला. तासाभरात एकशे चौदा उत्तरं आली. लिंक पाठव. रिन्यू कधी करायचं? स्पाउसला तेच चालतं का? शोभनाकाकूंनी विचारलं, प्राण्यांमध्ये काही व्हेज ऑप्शन आहे का.

अनिकाचा ताप उतरला का, हे कुणी विचारलं नाही. तुम्हीही नाही.

स्पाउसला ते चालत नाही. वेगळं काढावं लागतं.